काळी खोऱ्यातील वीज आणि कंपनीचा पगारी वकील

वीज तयार करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या किंवा घरोघर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या नोकरीत राहून तिचे करार लिहिणारा, परवानग्यांच्या फायली पुढे सरकवणारा, संचालक मंडळाला कायदेशीर सल्ला देणारा आणि खटला उभा राहिलाच तर सगळे कागद बाहेरच्या वकिलाच्या हवाली करणारा जो विधिज्ञ असतो, त्याला सरकारी कंपन्यांत विधी अधिकारी, खासगी कंपन्यांत लीगल मॅनेजर किंवा जनरल काउन्सेल आणि निकालपत्रांत अंतर्गत विधिज्ञ म्हणतात. वकिलीवरचे मराठीतील लेखन बहुतांशी कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाभोवती फिरते. त्यामुळे ज्याचे नाव निकालपत्रात कधीच छापले जात नाही, पण ज्याच्या टिपणीवर एखादा प्रकल्प पुढे जातो किंवा अडतो, अशा या माणसाच्या कामाकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. ऊर्जाक्षेत्र कोळशाकडून सूर्य, वारा, साठवण आणि नव्या अणुभट्ट्यांकडे सरकत असताना हे काम नेमके कसे बदलले आणि कायद्याने त्या माणसाला दिलेले स्थान मात्र किती बदलले, हा या लेखाचा विषय आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा प्रश्न तपासायला सोयीचा आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहत कारवारजवळ समुद्राला मिळते. गणेशगुडी येथील १०१ मीटर उंचीचे सूपा धरण याच तालुक्यात आहे. त्याखाली अंबिकानगरचे नागझरी वीजगृह, पुढे कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणे आणि कद्र्याच्या जलाशयाकाठी प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्यांचे कैगा वीजकेंद्र अशी साखळी आहे. धरणे आणि जलविद्युत केंद्रे कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनची, अणुकेंद्र न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे, उच्चदाब वाहिन्या राज्याच्या पारेषण कंपनीच्या आणि घरोघरची वीज हुबळीच्या हेस्कॉमची. या सगळ्या कंपन्या आहेत, सरकारी खाती नव्हेत, आणि कंपनी म्हटली की तिला स्वतःचा विधी विभाग आलाच.

या भागातील कंपनी-वकिलीची सुरुवात १९७० मध्ये झाली असे मानायला हरकत नाही. त्या वर्षी म्हैसूर पॉवर कॉर्पोरेशन या नावाने वीजनिर्मितीसाठी वेगळी सरकारी कंपनी स्थापन झाली, जिचे नाव पुढे राज्याबरोबरच बदलले. तोवर विजेचे काम मुख्यतः राज्य वीज मंडळासारख्या सरकारी शिस्तीतल्या यंत्रणांच्या हाती होते. काळी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात विधी विभागाकडे आलेले काम आजच्या तुलनेने सरळ होते : १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली अधिसूचना, मोबदल्याचे निवाडे आणि वाढीव मोबदल्याच्या अर्जांवर दिवाणी न्यायालयात उत्तरे. सूपा हे तालुक्याचे जुने ठाणे पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि विस्थापितांतील अनेकांना रामनगरला वसवण्यात आले. त्या काळच्या कायद्याला विस्थापन मुख्यतः मोबदल्याच्या रकमेपुरतेच दिसत होते. पुनर्वसन हा हक्क नव्हता, शासनाच्या मर्जीचा भाग होता, आणि कंपनीच्या विधी अधिकाऱ्याने त्यापलीकडे पाहावे अशी अपेक्षाही कुणी केली नव्हती.

त्यानंतर त्याच नदीवर कायद्यांचे थर साचत गेले. सूप्याचे काम चालू असतानाच २५ ऑक्टोबर १९८० पासून वन संवर्धन कायदा लागू झाला आणि वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यासाठी केंद्राची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९९४ मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना निघाली, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचा अहवाल आधी करून मगच मंजुरी मागायची असा नियम झाला, आणि १९९७ मध्ये त्याला जनसुनावणीची जोड मिळाली. दांडेलीचे अभयारण्य १९५६ पासूनचे आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प घोषित झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळीचे नाव देण्यात आले. त्यामुळे वन्यजीव कायद्याखालील राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची परवानगी हा आणखी एक थर वाढला. २००६ मध्ये वनहक्क कायदा, २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा आला. सूप्याच्या वेळी जो कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होता, त्याला आज निदान पाच निरनिराळ्या कायद्यांच्या कसोट्या पार कराव्या लागतात, आणि यातली एक जरी कच्ची राहिली तरी उरलेल्या चार पक्क्या असून उपयोग होत नाही.

हा बदल कंपनीच्या वकिलाला कसा भिडतो याचा धडा याच नदीवर २००० च्या सुमारास मिळाला. दांडेलीजवळ एका खासगी कंपनीने छोट्या जलविद्युत प्रकल्पाचा प्रस्ताव मांडला आणि त्यासाठीचा पर्यावरणीय अहवाल एका नामांकित सल्लागार संस्थेकडून करून घेतला. बंगळुरूच्या एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेने तो अहवाल बारकाईने वाचला, तेव्हा त्याचा मोठा भाग तट्टीहळ्ळच्या दुसऱ्याच प्रकल्पासाठी आधी झालेल्या अहवालावरून जवळजवळ जसाच्या तसा उतरवलेला आढळला आणि तो मागे घ्यावा लागला. हे प्रकरण पर्यावरणाच्या पुस्तकांत सल्लागारांच्या बेपर्वाईचे उदाहरण म्हणून येते, पण त्यातला दुसरा धडा जास्त टिकाऊ आहे. अहवाल सल्लागाराचा असला तरी अर्ज कंपनीचा असतो, त्यावरची सही कंपनीच्या अधिकाऱ्याची असते आणि २००६ च्या अधिसूचनेने तर जाणूनबुजून चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्यास अर्ज फेटाळण्याची, दिलेली मंजुरी रद्द करण्याचीही तरतूद केली. म्हणून आज कोणत्याही सावध विधी विभागात बाहेरून आलेला अहवाल सादर होण्यापूर्वी वाचला जातो, त्यातली गावांची नावे, झाडांच्या जाती, पाण्याचे आकडे एकमेकांशी पडताळले जातात. हे काम वकिलीचे की संपादकाचे, असा प्रश्न पडावा इतके ते किचकट आणि गौरवशून्य आहे. पण प्रकल्प वाचतो तो बहुधा इथेच.

दुसरीकडे वीज विकण्याचा कायदाही मुळापासून बदलला. १९४८ च्या कायद्याने उभी केलेली राज्य वीज मंडळे बहुतेक ठिकाणी निर्मिती, पारेषण आणि वितरण हे तिन्ही एकाच छताखाली चालवत आणि दर सरकारच्या इच्छेने ठरत. १९९१ नंतर खासगी निर्मिती आली, १९९८ च्या केंद्रीय कायद्याने नियामक आयोग आले, कर्नाटकाने १९९९ च्या सुधारणा कायद्याने मंडळ मोडून पारेषण कंपनी काढली, २००२ मध्ये हेस्कॉमसारख्या वितरण कंपन्या झाल्या आणि २००३ च्या विद्युत कायद्याने सगळ्या देशाची घडी नव्याने घातली. महाराष्ट्राचे मंडळ जून २००५ मध्ये महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण असे विभागले. एका मंडळाच्या तीन-चार कंपन्या झाल्या की त्यांच्यात एकमेकांशी करार आले, करार आले की वाद आले. पूर्वी जे मतभेद अध्यक्षांच्या दालनात चहाबरोबर मिटत, ते आता आयोगापुढे याचिका होऊन जातात. तिथून विद्युत अपिलीय न्यायाधिकरण आणि कायद्याच्या प्रश्नावर थेट सर्वोच्च न्यायालय अशी पायरी आहे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे वीज खरेदी करार, ज्याला या व्यवसायात सगळेच पीपीए म्हणतात. किती वीज, कोणत्या दराने, किती वर्षे घ्यायची, ती घेता आली नाही तर काय, पैसे उशिरा आले तर काय, हे सारे त्यात ठरते. मराठी वाचकाला या कराराची ओळख दाभोळने करून दिली. डिसेंबर १९९३ चा महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यातील करार कंपनीच्या बाजूने इतका बंदोबस्ताचा होता की वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, इंधनाच्या आणि डॉलरच्या चढउताराचा भार मंडळावर आणि त्यामागे सरकारची हमी. वकिली कौशल्याच्या दृष्टीने पाहिले तर कंपनीच्या बाजूने त्यात फारसे काही सोडलेले नव्हते. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये मंडळाला बिले पेलेनात आणि वीजकेंद्र बंद पडले. राज्य सरकारने नेमलेल्या गोडबोले समितीने त्याच वर्षी या कराराची चिरफाड केली. समोरच्याला फेडताच येणार नाही इतका आपल्या बाजूचा करार हा चांगला करार नव्हे, हे या प्रकरणाने दाखवले. परंतु अनेक कंपन्यांनी त्यातून नेमका उलटा अर्थ काढला आणि कलमे आणखी घट्ट केली, असे नंतरच्या खटल्यांवरून दिसते.

२००३ च्या कायद्याने दर ठरवण्याचे दोन मार्ग ठेवले. कलम ६२ खाली आयोग खर्च तपासून दर ठरवतो; कलम ६३ खाली पारदर्शक बोलीतून निघालेला दर आयोगाने मान्य करायचा असतो. दुसऱ्या मार्गावर कंपनीच्या वकिलाचे वजन एकदम वाढते, कारण बोली लावताना पंचवीस वर्षांची जोखीम एका आकड्यात बसवलेली असते आणि पुढे खर्च वाढला तर तो मागण्यासाठी दोनच दारे उरतात : अनिवार्य आपत्ती, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची घटना, आणि कायद्यातील बदल. एनर्जी वॉचडॉग प्रकरणात एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दारे किती उघडतात ते मोजून दिले. इंडोनेशियातील नियमांमुळे तिथला कोळसा महागला ही अनिवार्य आपत्ती नव्हे, तसेच परदेशी कायद्यातील बदल हा करारातल्या ‘कायद्या’त येत नाही, मात्र देशातील कोळसा वाटपाचे धोरण बदलल्याने जे नुकसान झाले ते कायद्यातील बदलाखाली भरून मागता येईल, असा तो निकाल होता. हजारो कोटींचे भवितव्य एका व्याख्येच्या दोन ओळींवर ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने अशा वाढीव खर्चाच्या वसुलीसाठी वेगळे नियमही केले, पण बदल कधी झाला, तो बोलीच्या तारखेपूर्वीचा की नंतरचा, हे वाद त्याने संपलेले नाहीत.

सौर आणि पवन ऊर्जेने या कामाचा वेग बदलला. औष्णिक केंद्र उभारायला पाच-सात वर्षे लागत आणि एका केंद्राचा एक करार असे. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो आणि एकेका कंपनीकडे असे डझनावारी प्रकल्प असतात. कर्नाटकाने जमीनमालक शेतकऱ्यांसाठी १ ते ३ मेगावॉटच्या सौर प्रकल्पांची योजना आणली, तेव्हा बिनशेती परवाना आणि उपकेंद्राची जोडणी वेळेत न मिळाल्याने अनेक प्रकल्प मुदतीनंतर सुरू झाले, वितरण कंपन्यांनी कमी दर लावला आणि हा विलंब अनिवार्य आपत्ती आहे की नाही यावर खटल्यांची रांग लागली. डोंगरासारख्या कंपनीच्या वकिलाला जे कलम लागते तेच दहा एकरांच्या शेतकऱ्यालाही लागते. फरक एवढाच की शेतकऱ्याकडे विधी विभाग नसतो. हरित वीज खुल्या बाजारातून घेण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये केलेले नियम डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द ठरवले, कारण हा अधिकार आयोगाचा आहे. छोट्या जलविद्युत कंपन्याही या वादात होत्या. ज्या नियमाच्या भरवशावर कारखान्यांशी पुरवठ्याचे करार केले तो नियमच उडाला तर काय, हे कलम आता प्रत्येक करारात मागितले जाऊ लागले आहे.

तरीही या सगळ्याहून खोल पेच वाहिन्यांचा आहे, आणि तो जोयड्याच्या उंबरठ्यावरच आला आहे. गोवा-तमनार पारेषण प्रकल्पातील एक ४०० केव्ही वाहिनी धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यातील शेल्ड्यापर्यंत जाते आणि तिचा कर्नाटकातला भाग उत्तर कन्नडच्या जंगलांतून जातो. अशा कामांसाठी आधी एक रिकामी कंपनी नोंदवली जाते, तिच्या नावाने प्राथमिक कागद होतात आणि बोली जिंकणाऱ्याला ती कंपनीच हस्तांतरित केली जाते. विशेष हेतू कंपनी म्हणतात ती हीच. हा प्रकल्प २०१८ मध्ये अशाच पद्धतीने एका खासगी समूहाकडे गेला. अशा कंपनीला जन्मतः मालमत्ता नसते, असतात ते फक्त करार आणि परवानग्या. म्हणजे तिची सगळी संपत्ती तिच्या वकिलाच्या कपाटात असते म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

मोले अभयारण्यातून जाणाऱ्या भागाविरुद्ध गोव्यात २०२० पासून मोठे आंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने नवा पट्टा तोडण्याऐवजी आधीच असलेल्या २२० केव्ही वाहिनीचा मार्ग वापरावा असे सुचवले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. ही तोड आधीच्या आराखड्यातच सुचली असती तर काय झाले असते, हा विचार वाया गेलेल्या वर्षांकडे पाहून येतोच. कर्नाटकाच्या बाजूला मामला आणखी गुंतला, कारण २०२४ मध्ये राज्य सरकारने या वाहिनीच्या वनपरवानगीचा प्रश्न म्हादई नदीवरील कळसा-भांडुरा योजनेला मिळत नसलेल्या केंद्रीय परवानगीशी जोडला. दोन राज्यांतला पाण्याचा तंटा विजेच्या तारेला अडकेल, याची तरतूद कोणत्याही करारात नसते. अनिवार्य आपत्तीच्या व्याख्येत ‘परवानगी देण्यास सरकारचा नकार’ असे शब्द आहेत की नाहीत, आणि असले तर कंपनीने आपल्या बाजूचे सगळे कागद वेळेत दिले होते की नाही, यावर सगळे येऊन ठेपते.

जमिनीवरचा कायदा पाहिला की हे काम किती बारीक आहे ते कळते. विद्युत कायद्याच्या कलम १६४ खाली वाहिनी टाकणाऱ्याला जुन्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देता येतात, म्हणजे खासगी जमीन संपादन न करता तिच्यावरून तार नेता येते आणि मालकाला केवळ नुकसानभरपाई द्यावी लागते. जून २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदला सुचवला. पण जंगलात हे अधिकार पुरे पडत नाहीत. तिथे वन कायद्याची परवानगी हवी आणि त्याआधी वनहक्कांचा निवाडा व्हायला हवा, निदान कायद्याचा उद्देश तोच आहे. आणि इथे एकाच समाजाला सीमेच्या दोन बाजूंना दोन मापे लागतात. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यामुळे गोव्यातल्या कुणब्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आपण या वनावर अवलंबून आहोत एवढे दाखवले की पुरते. जोयड्यातला कुणबी त्याच रक्ताचा, तीच बोली बोलणारा, तीच कंदमुळे लावणारा. पण कर्नाटकात त्याची तशी नोंद नाही आणि त्यासाठीची मागणी अनेक वर्षे चालू आहे. तोवर तो ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो आणि त्याला त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते.

पंचाहत्तर वर्षे मागे गेले की १९३० येते. तेव्हा कर्नाटक राज्य नव्हते. कारवार जिल्हा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड, १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ पर्यंत राहिला. कुमरी, म्हणजे जंगलाचा तुकडा जाळून आळीपाळीने करायची शेती, हाच कुणब्यांचा जुना व्यवसाय. ब्रिटिश वनखात्याने तिच्यावर कडक बंधने घातली. ज्या शेतीला सरकारने बेकायदा ठरवले तिची नोंद सरकारी दप्तरात हक्क म्हणून कशी सापडणार, हा उघड प्रश्न आहे. कायद्याच्या नियमांनी वाट ठेवली आहे : दावेदार सोडून इतर वयोवृद्धांचे लेखी जबाब, जुनी दफनभूमी, देवस्थाने, विहिरी, बांध अशा खुणा पुरावा म्हणून चालतात. विद्युत कंपनीच्या वकिलाने हे वाचणे गरजेचे आहे, कारण ज्या पट्ट्यावर असे दावे प्रलंबित आहेत त्यावरची वनपरवानगी कागदावर कितीही पक्की दिसली तरी हरित न्यायाधिकरणात किंवा उच्च न्यायालयात ती डळमळू शकते. जिथे ग्रामसभेचा ठराव लागतो तिथे तो परवानगीच्या फाइलला जोडलेला असतो. तो कन्नडमध्ये लिहिलेला असतो आणि ज्यांच्या सभेचा तो आहे त्यांच्यापैकी अनेक जण घरात कोकणी किंवा मराठी बोलतात. गणपूर्ती झाली होती का, सह्या आणि अंगठे कुणाचे, वाचून दाखवले का, हे मुंबई किंवा दिल्लीतल्या कार्यालयात बसून कळत नाही, आणि कंपनीचा विधी अधिकारी रामनगरपर्यंत येतो तो बहुधा स्थगिती मिळाल्यावर.

अशा स्थितीत खरी कसोटी कोर्टात होत नाही. प्रकल्पाच्या मार्गाची पहिली रेघ नकाशावर ओढली जाते तेव्हा कुणीतरी ‘या गावांतून नको’ असे लेखी म्हणायला हवे आणि ते म्हणण्याचे काम कायदा जाणणाऱ्या नोकराचे आहे. परंतु भारतीय कायदा या नोकराला वकील मानत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्ण वेळ पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाने ते कळवून व्यवसाय थांबवायचा असतो, म्हणजे सनद निष्क्रिय होते. याविषयीचा महत्त्वाचा निकाल योगायोगाने वीज मंडळातलाच आहे. हिमाचल प्रदेश राज्य वीज मंडळातील एका विधी अधिकाऱ्याची सनद तिथल्या बार कौन्सिलने काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तो निर्णय कायम केला. मंडळासाठी कोर्टाची कामे केली तरी तो पगारी नोकरच, हे त्यामागचे तत्त्व. नियामक आयोगापुढे कंपनीच्या अधिकृत प्रतिनिधीला बाजू मांडता येते, त्यामुळे विधी अधिकारी तिथे उभा राहू शकतो, पण तोच वाद अपिलात वर गेला की त्याला मागच्या बाकावर बसावे लागते.

याहून गंभीर प्रश्न गोपनीयतेचा आहे. अशील वकिलाला जे सांगतो ते न्यायालयही वदवून घेऊ शकत नाही, हे संरक्षण पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ते १३४ मध्ये आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात असे मत दिले होते की मालकाला कायदेशीर सल्ला देणाऱ्या पगारी विधिज्ञालाही वकिलासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे. पश्चिम भारतातले विधी विभाग पुढची चाळीस वर्षे बहुतांशी या समजुतीवर चालले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स पाठवण्यावरील स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात, हा प्रश्न दुसऱ्या दिशेने सोडवला : कंपनीचा पगारी विधिज्ञ कोर्टात व्यवसाय करणारा वकील नसल्याने त्याला कलम १३२ चे संरक्षण नाही, त्याने कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी केलेला पत्रव्यवहार कलम १३४ खाली सुरक्षित राहील, पण कंपनी आणि तो यांच्यातला नाही. युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये आक्झो नोबेल प्रकरणात स्पर्धा कायद्यापुरती जवळजवळ हीच भूमिका घेतली होती, आणि तिथेही कारण तेच होते : जो पगारावर अवलंबून आहे तो पुरेसा स्वतंत्र नसतो.

तत्त्व म्हणून हे चुकीचे म्हणता येत नाही, आणि ज्यांना कंपन्यांची लपवाछपवी जवळून माहीत आहे त्यांना ते रास्तही वाटेल. पण ऊर्जाक्षेत्रातला त्याचा परिणाम तपासण्यासारखा आहे. ‘अमुक ग्रामसभेचा ठराव कच्चा आहे, तो नव्याने घ्यावा’ अशी टिपणी विधी अधिकाऱ्याने फाइलवर लिहिली आणि वरिष्ठांनी दुर्लक्ष केले, तर उद्या तीच टिपणी कंपनीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. सरकारी कंपन्यांना तर माहिती अधिकार कायदाही लागू आहे. मग ती टिपणी लिहिली जात नाही, फोनवर सांगितली जाते. किंवा बाहेरच्या फर्मला प्रश्न पाठवून तिच्या लेटरहेडवर उत्तर मागवले जाते, म्हणजे मत त्याचेच, सही दुसऱ्याची आणि बिल कंपनीला. मोठ्या समूहाला हे परवडते. छोट्या जलविद्युत कंपनीला किंवा दोनच विधी अधिकारी असलेल्या वितरण कंपनीला परवडत नाही, आणि तिथे इशारा लिहिलाच न जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. विधिकाम प्रकल्पाच्या आरंभाकडे सरकले असताना कायद्याचे संरक्षण मात्र अजून कोर्टाच्या दारातच उभे आहे, ही या क्षेत्रातली आजची खरी विसंगती आहे.

नवी कामे या विसंगतीचे वजन वाढवत आहेत. कैग्यात प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची योजना आहे, आणि अणुदायित्वाचा २०१० चा कायदा बाजूला सारून खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाट देणारा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. अपघात झाल्यास कोण किती देणार हे ठरवणारी कलमे आता केवळ सरकारी महामंडळाच्या विधी विभागाचा विषय राहणार नाहीत. पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारे उदंचन साठवण प्रकल्प सह्याद्रीत जागोजागी प्रस्तावित आहेत, शरावतीचा २,००० मेगावॉटचा प्रकल्प त्यात सर्वांत वादग्रस्त. त्यांचे करार वेगळे, कारण तिथे वीज नव्हे, वेळ विकली जाते. वनपरवानगीचा पेच मात्र तोच.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये एक छोटी तरतूद आहे, जिच्याकडे वीज कंपन्यांचे विधी विभाग क्वचितच पाहतात. गावासाठी शाळा, दवाखाना, रस्ता, तसेच विजेच्या तारा यांकरिता एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीवर केंद्राकडे न जाता देता येते. सूप्याच्या पाण्यावर राज्याचे कारखाने चालले, तरी जोयड्याच्या जंगलातल्या कित्येक वाड्यांपर्यंत तार पोहोचायला पिढ्या गेल्या, आणि कारण म्हणून वनपरवानगीच दाखवली गेली. ४०० केव्ही वाहिनीसाठी ज्या कंपन्या दिल्लीपर्यंत वकील उभे करतात, त्याच क्षेत्रातल्या वितरण कंपनीला ११ केव्हीच्या चार खांबांसाठी हा अर्ज करायला एका विधी अधिकाऱ्याचे दोन दिवस पुरतात; त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, वनाधिकाऱ्याचा स्थळपाहणी अहवाल आणि झाडांची मोजणी एवढेच कागद लागतात.